अली नायफे यांनी नक्की केलं काय? सेमिनारच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एकाने विचारलंय की सेमिनारला नॉनलिनिअर डायनॅमिक्समधले (जोर दुप्पट केला की हालचालही दुप्पट होईलच असं नाही, अशा सिस्टिमचा अभ्यास) अली नायफे हा विषय घेतला, माहिती शोधली तर मेडलं आणि पुस्तकं यांची यादी तेवढी मिळते, पुस्तक उघडलं तर दुसऱ्याच पानावर गाडी अडते, मग या माणसाने शोध लावला तरी कसला, गोव्यात त्याचा कुठे उपयोग होतो की सगळं पेपर छापण्यापुरतंच, आणि यात एमटेक करावं का. विद्यार्थी आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नकोस. मी व्हायब्रेशनचं काम करतो, वास्कोपासून डिचोलीपर्यंत, शिपयार्ड, पंपहाउस, खाणींवरचे स्क्रीनिंग प्लांट, जिथे काही थरथरतं तिथे बोलावतात. प्रोफेसर नाही, तेव्हा उत्तर कामाच्या अंगाने येणार.

मला वाटतं तुझी खरी अडचण अशी आहे की तू वस्तू शोधतोयस. वॅटचं इंजिन, डिझेलचं इंजिन, तसं नायफेंचं काय? तसं दाखवण्यासारखं एक मशीन नाहीच. त्यांनी दिली ती हिशोबाची एक पद्धत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मशीनकडे बघताना विचारायचा एक प्रश्न: मी इथे जी एनर्जी घालतोय ती बाहेर कुठून पडणार? कॉलेजात शिकवतात त्या लिनिअर थिअरीत हा प्रश्न उठतच नाही, कारण तिथे प्रत्येक मोड, म्हणजे थरथरण्याची प्रत्येक तऱ्हा, आपापल्या घरात राहतो, एकाला हलवलं तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. प्रत्यक्षात शेजारी शेजाऱ्याच्या घरात घुसतो, आणि कधी घुसतो याचे नियम नायफे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयुष्यभर बसून काढले. सेमिनारचा कणा हाच ठेव, बाकी सगळं त्याच्याभोवती येतं.

चरित्र पटकन सांगतो कारण ते दोन स्लाइडच्या वर जाऊ नये. जन्म 1933, पॅलेस्टाइनमध्ये तुलकर्मजवळच्या शुवेका गावात. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि तिथे 1962 ला बॅचलर, 1963 ला मास्टर, 1964 ला पीएचडी, ओळीने तीन वर्षांत तीन डिग्र्या, हे वाचून आपल्याला बॅकलॉग आठवून कसंतरी होतं ते सोड. मग काही वर्षं कॅलिफोर्नियात खासगी कंपन्यांमध्ये एरोस्पेसचं काम केलं आणि 1971 ला व्हर्जिनिया टेकला आले ते मुख्यतः तिथलेच झाले. मध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्डनच्या यार्मूक विद्यापीठात इंजिनिअरिंगची शाखा उभी करायला गेले होते. 1973 ला पर्टर्बेशन मेथड्स हे पुस्तक, 1979 ला डीन मूक यांच्यासोबत नॉनलिनिअर ऑसिलेशन्स हे दुसरं, 1990 ला नॉनलिनिअर डायनॅमिक्स नावाचं जर्नल सुरू केलं, 2014 ला मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी बेंजामिन फ्रँकलिन मेडल, 2017 ला निधन. झालं.

त्यातली पाच-सात वर्षं इंडस्ट्रीत गेली ही गोष्ट मात्र मी स्लाइडवर ठळक करीन. त्यांचे विषय बघ, विमानाच्या भोवतीचा हवेचा प्रवाह, जहाज, क्रेन, बीम, नंतर नंतर मेम्स, म्हणजे चिपवरची सूक्ष्म यंत्रं. वरवर बघितलं तर एकमेकांशी संबंध नाही. पण प्रत्येक ठिकाणी हत्यार तेच, आणि ते हत्यार कळलं की यादी पाठ करायची गरजच राहत नाही.

तर हत्यार. जॉर्ज डफिंग नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1918 मध्ये अशा स्प्रिंगचा अभ्यास छापला जी जास्त ताणली की जास्त कडक होते. समीकरण साधंच, नेहमीच्या स्प्रिंग-मास-डॅम्परमध्ये फक्त एक क्यूबची टर्म जादा. पण ती एक टर्म आली की रेझोनन्सचा, म्हणजे ठरावीक स्पीडला व्हायब्रेशन एकदम वाढतं त्याच्या ग्राफचा, तो ओळखीचा सरळ डोंगर एका बाजूला कलतो, आणि कललेल्या भागात एकाच स्पीडला दोन उत्तरं टिकू शकतात, एक लहान झोका, एक मोठा. स्पीड वाढवत गेलास तर एका जागी व्हायब्रेशन धाडकन खाली पडतं, कमी करत आलास तर वेगळ्याच जागी धाडकन वर चढतं. याला जंप म्हणतात आणि हे फक्त कागदावर होत नाही, स्पीड बदलता येणाऱ्या मोटरवर मी हे डोळ्यांनी बघितलंय, जाताना एक आकडा, येताना दुसरा, आणि ऑपरेटर म्हणतो सर तुमचं मीटर बिघडलंय.

आता हे समीकरण हाताने सोडवायला गेलं की नेहमीची सिरीज फसते, काही टर्म वेळेबरोबर वाढतच जातात, म्हणजे गणित सांगतं झोका अनंत होणार, जे खोटं आहे. नायफेंनी ज्या पद्धतीचा आयुष्यभर पुरस्कार केला ती मल्टिपल स्केल्स, म्हणजे वेळ एकच न धरता दोन धरायच्या, एक फास्ट, एक स्लो. मांडवीच्या काठावर उभा राहा, पाण्याची लाट दर काही सेकंदांनी वरखाली होते, आणि त्याच पाण्याची पातळी भरती-सुकतीने सहा-सहा तासांनी बदलते. धक्क्यावर बार्ज बांधणाऱ्याला प्रत्येक लाटेचा हिशोब नको असतो, त्याला भरती कुठे चाललीय ते हवं असतं. मल्टिपल स्केल्स हेच करतं, लाट बाजूला काढतं आणि झोक्याचा आकार आणि त्याची फेज (झोका कुठल्या टप्प्यावर आहे ते) सावकाश कशी बदलते एवढ्याचंच छोटं समीकरण हातात देतं. त्या वाढत जाणाऱ्या टर्म शून्य केल्या पाहिजेत, या अटीतूनच ते छोटं समीकरण निघतं. एवढी एक ओळ कळली तर पुस्तकाचं दुसरं पान पार होतं.

एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, ही पद्धत शून्यातून एकट्या नायफेंनी काढलेली नाही. लिंडस्टेट आणि पॉइनकारे एकोणिसाव्या शतकातले, क्रिलॉव्ह आणि बोगोल्यूबॉव्ह यांची ॲव्हरेजिंगची पद्धत 1930 च्या दशकातली, मल्टिपल स्केल्सवर कोल आणि केव्हॉर्कियन वगैरेंनीही आधी काम केलेलं. नायफेंनी ती स्वैपाकघरात वापरता येईल अशी मांडली, शेकडो उदाहरणं सोडवून दाखवली, आणि इंजिनिअरला म्हणाले घे, आता तुझं मशीन घाल यात. परीक्षक हुशार असेल तर नेमका इथे प्रश्न विचारेल, तयार राहा.

आता जिथे खरी गंमत आहे तिथे येतो, आणि हे आपल्याकडे सगळ्यांत जवळचं. जहाज. विल्यम फ्रूड या इंग्लिश इंजिनिअरने 1860 च्या दशकातच नोंदवून ठेवलं होतं की ज्या जहाजाची पिचिंगची फ्रीक्वेन्सी रोलिंगच्या दुप्पट असते ते जहाज समुद्रात नीट वागत नाही. पिच म्हणजे जहाजाचं पुढचं आणि मागचं टोक आळीपाळीने वरखाली, रोल म्हणजे डावी-उजवी बाजू. का वागत नाही हे गणितात नीट बसायला शंभर वर्षं गेली. 1973 मध्ये नायफे, मूक आणि मार्शल यांनी पिच आणि रोल यांची नॉनलिनिअर जोडणी धरून पेपर लिहिला. कल्पना कर, लाट बरोबर समोरून येतेय. रोल करायला तिच्यात काही जोरच नाही, लिनिअर हिशोबाने रोल शून्य. लाट वाढली तर पिच वाढतो, बरोबर. पण फ्रीक्वेन्सी दोनास एक असेल तर एका ठरावीक जोरानंतर पिच वाढायचा थांबतो, तिथेच अडकतो, आणि लाटेची वरची सगळी ताकद रोलमध्ये जायला लागते. म्हणजे कॅप्टन पिच बघून म्हणेल सगळं ठीक आहे, वाढत नाहीये, आणि जहाज आडवं डोलत असेल. याला सॅच्युरेशन म्हणतात. कोणी विचारलं नायफेंचा शोध कोणता, तर माझं बोट पहिलं इथे जाईल. हे प्रयोगात नंतर दिसलं, आधी कागदावर दिसलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

याचा एक चुलत भाऊ आहे, पॅरामेट्रिक रोल. त्यात लाट जहाजाला आडवं ढकलत नाही, पण कधी मध्यावर कधी टोकांना येत असल्यामुळे पाण्याच्या रेषेवरचा जहाजाचा आकार बदलतो आणि त्याबरोबर सरळ उभं राहायची ताकद कमी-जास्त होत राहते. एका रोलच्या वेळात अशा दोन लाटा भेटल्या की रोल फुगत जातो. ऑक्टोबर 1998 मध्ये एपीएल चायना या भल्यामोठ्या कंटेनर जहाजाचं पॅसिफिकमध्ये हेच झालं, शेकडो कंटेनर समुद्रात गेले, आणि मग सगळा धंदा खडबडून जागा झाला. सेमिनारला याचे फोटो टाक, मागच्या बाकांवरचेसुद्धा वर बघतील. पण सॅच्युरेशन आणि पॅरामेट्रिक रोल एकच असं म्हणू नकोस. पहिल्यात दोन मोड एकमेकांशी देवाणघेवाण करतात, दुसऱ्यात सिस्टिमचा एक गुणधर्मच वेळेबरोबर बदलतो.

गोव्यात कुठे, असं विचारलंस ना, तर मुरगावला क्रेनखाली उभा राहा. हूकला लोंबकळणारा माल म्हणजे लंबक. दोर 25 मीटर सोडलेला असेल तर एक झोका साधारण 10 सेकंदांचा, माल वर घेत घेत दोर 10 मीटर झाला की 6.3 सेकंद. म्हणजे एकदा माल उचलताना तू या सगळ्या फ्रीक्वेन्सीमधून जातोस. क्रेन धक्क्यावर असेल तर निभावतं, पण क्रेनच जर तरंगती असेल, बाहेर खोल पाण्यात बार्जमधून मोठ्या जहाजावर माल चढवणारी, तर खालून लाट तिला हलवतेय आणि तिचा पीरियड दोराच्या पीरियडशी कधीतरी जुळणारच. आणि फक्त आडवी हालचाल जुळली पाहिजे असंही नाही. बूमचं, म्हणजे क्रेनच्या लांब हाताचं, टोक नुसतं सरळ वरखाली होत असलं, 5 सेकंदांना एकदा, तरी 10 सेकंदांचा झोका जागा होऊ शकतो, तोच दोनास एक. झोका मोठा झाला की पीरियडही तोच राहत नाही, 30 अंशांना पावणेदोन टक्के लांबतो, 60 अंशांना सात टक्क्यांच्या वर. डफिंगची क्यूबची टर्म इथे उलट्या चिन्हाने बसलेली असते.

जुना क्रेन ऑपरेटर याच्यावर काय करतो बघ, माल एका बाजूला गेला की बूम किंचित त्याच्या मागोमाग नेतो, ताबडतोब नाही, जरासा थांबून. त्याला कोणी समीकरण दिलेलं नसतं. नायफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजावरच्या क्रेनसाठी जो कंट्रोलर काढला त्याचं तत्त्व याच जातीचं आहे: मालाचा कोन मोजायचा, आत्ताचा न घेता थोड्या वेळापूर्वीचा घ्यायचा, त्याला एका आकड्याने गुणायचं आणि ऑपरेटरने दिलेल्या कमांडमध्ये मिळवायचं. मुद्दाम ठेवलेला तो उशीर डॅम्परचं काम करतो. क्रेनचा सांगाडा बदलायचा नाही, आहेत त्याच मोटरी वापरायच्या, सेन्सर आणि हिशोब तेवढा जादा. उशीर किती ठेवायचा ते दोराच्या लांबीवर अवलंबून, आणि चुकीचा ठेवला तर झोका कमी व्हायच्या जागी वाढतो. तुला कंट्रोल विषय आवडत असेल तर पूर्ण सेमिनार यावरच होऊ शकतो, सिम्युलेशन लॅपटॉपवर एका संध्याकाळी होतं.

माझ्या कामातला एक नमुना देतो, पंपहाउसचा. मोटर 1480 आरपीएम, म्हणजे 24.7 हर्ट्झ. मोटर बरी, बेअरिंग बरं, अलाइनमेंट लेझरने केलेलं, प्लॅटफॉर्मचं व्हायब्रेशन लिमिटच्या आत. पण बाजूला उभा गेलेला एक बारीक पाइप दिसेल एवढा डोलायचा आणि वरच्या वेल्डला सारखी चीर जायची. तिथल्या माणसांनी दोनदा वेल्ड जाड केला होता. मी पाइपवर सेन्सर लावला तर पीक 12.3 ला, मोटरच्या बरोबर अर्ध्यावर. पंप बंद करून पाइपला रबरी हातोडा मारला, तिथेही 12 च्या आसपासच. म्हणजे प्लॅटफॉर्म पाइपला त्याच्या लांबीच्या दिशेने वरखाली करत होता, थोडाच, आणि पाइप आडवा अर्ध्या फ्रीक्वेन्सीवर डोलत होता. उपाय म्हणून मध्यावर एक गाइड क्लॅम्प घातला, पाइपची फ्रीक्वेन्सी वर गेली, दोनास एक मोडलं, डोलणं बंद. एका वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम. गणित मी केलंच नाही, फक्त रेशो बघितला, पण रेशो बघायचा असतो हे नायफे-मूकच्या पुस्तकातनं आलेलं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुला अर्धी फ्रीक्वेन्सी दिसेल तिथे नॉनलिनिअर दिसायला लागेल. फोर-स्ट्रोक इंजिनात अर्धी ऑर्डर, म्हणजे फिरण्याच्या अर्धी फ्रीक्वेन्सी, असतेच, कारण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, बार्जच्या इंजिनरूममध्ये ती दिसली तर त्यात बातमी काही नाही. फाउंडेशन बोल्ट ढिला असला तरी अर्धी येते, आणि तोही म्हणायला नॉनलिनिअरच, पण त्याला मल्टिपल स्केल्स नको, स्पॅनर हवा. माझ्याकडे येणारी बहुतेक कामं अनबॅलन्स, मिसअलाइनमेंट, ढिलेपणा आणि साधा लिनिअर रेझोनन्स यातच संपतात. मी आधी ते सगळं बाद करतो, मग स्पीड हळू वर आणि हळू खाली नेऊन दोन्ही वेळचा ग्राफ एकावर एक ठेवतो. जुळले तर लिनिअर समजून पुढे जायचं, वेगळ्या जागी उडी दिसली तर पुस्तक उघडायचं. स्पीड बदलता येत नसेल, तर काम अवघड होतं आणि मग हातोडा मारून सगळ्या नॅचरल फ्रीक्वेन्सी काढायच्या आणि त्यात दोनास एक, तिनास एक, एकास एक अशा जोड्या शोधत बसायचं.

हल्ली कॉम्प्युटरवर सगळं सुटतं मग हाताने कशाला, हेही तुझ्या प्रश्नात होतं. सुटतं, पण एका वेळी एकच उत्तर सुटतं. कललेल्या डोंगरात दोन उत्तरं असतील तर सॉफ्टवेअर तू सुरुवात जिथून केलीस त्याला जवळचं एक देईल आणि दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. हातचं समीकरण दोन्ही दाखवतं. शिवाय कुठल्या आकड्यावर काय अवलंबून आहे ते डोळ्याला दिसतं, पंचवीस रन मारून अंदाज बांधावा लागत नाही. उलट झोका फार मोठा असेल, ठोकाठोक होत असेल, केऑस, म्हणजे पुढचा अंदाजच न लागणारी हालचाल, असेल, तर हाताची पद्धत तोकडी पडते, तिथे कॉम्प्युटरच. नायफेंनी बालचंद्रन यांच्यासोबत 1995 ला लिहिलेलं अप्लाइड नॉनलिनिअर डायनॅमिक्स त्या बाजूचं आहे.

वाचायचं कसं. 1973 चं पुस्तक आता ठेवून दे, ते गणितवाल्यांसाठी जास्त बरं. 1981 चं इंट्रोडक्शन टु पर्टर्बेशन टेक्निक्स घे, ते खरंच विद्यार्थ्यांसाठी आहे, पायऱ्या गाळत नाही. त्यातून डफिंग एकदा स्वतःच्या हाताने, वहीत, न बघता सोडव. तीन-चार पानं जातील. ते झालं की 1979 च्या पुस्तकात सिंगल डिग्रीचं, म्हणजे एकाच तऱ्हेने हलू शकणाऱ्या सिस्टिमचं, फोर्स्ड प्रकरण आणि मग सरळ दोन डिग्रीचं प्रकरण, जहाजाचं गणित तिथे बसतं. मधलं सगळं वाचलंच पाहिजे असं नाही.

एमटेकचं मी हो किंवा नाही सांगू शकत नाही. गोव्यातच राहून नोकरी करायची असेल तर नुसत्या नॉनलिनिअरवर इथे कोणी घेणार नाही, व्हायब्रेशन ॲनालिसिस, एफईए (भागाचे बारीक तुकडे पाडून कॉम्प्युटरवर केलेला हिशोब), कंडिशन मॉनिटरिंग (चालू मशीनच्या तब्येतीवर नजर) यांच्याबरोबर हे जादा म्हणून असलं तर मात्र तुला बाकीच्यांना न दिसणारं दिसेल. रिसर्चकडे जायचं असेल, शिप डायनॅमिक्स, विंड टर्बाइन, मेम्स, तर हाच पाया आहे. आणि गणित करताना वेळ कसा गेला कळत नाही असं होतं का, ते डफिंगच्या त्या चार पानांतच तुला कळेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

शेवटी सेमिनारला दाखवायला एक वस्तू, कारण नुसत्या स्लाइडवर कोणाचा विश्वास बसत नाही. म्हापसा किंवा मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मऊ, लांब स्प्रिंग बघ. तिला वजन टांग आणि वर दोरा बांधून असं जमव की आधारापासून वजनाच्या मध्यापर्यंतची एकूण लांबी ही वजनामुळे स्प्रिंग जेवढी ताणली त्याच्या चौपट. स्प्रिंग 10 सेंमी ताणली तर एकूण 40. अशा वेळी वरखाली हलण्याची फ्रीक्वेन्सी झोक्याच्या बरोबर दुप्पट येते. बाजारातल्या स्प्रिंगची वेटोळी मुळातच घट्ट मिटलेली असतात त्यामुळे ताणाचा हिशोब थोडा चुकतो, म्हणून मोबाइलवर वेळ लावून मोज, 20 वेळा वरखाली व्हायला जेवढा वेळ तेवढ्यात 10 झोके व्हायला हवेत, नाही झाले तर दोरा कमी-जास्त कर. जमलं की वजन सरळ खाली ओढ आणि सोड. थोडा वेळ नुसतं वरखाली होईल, मग आपोआप बाजूला झुलायला लागेल, वरखाली जवळजवळ थांबेल, आणि परत पहिल्यासारखं. सॅच्युरेशन यात दिसणार नाही, त्याला सतत ढकलणारा शेकर लागतो, पण एनर्जी एका मोडमधून दुसऱ्यात जाताना वर्गातल्या सगळ्यांना दिसेल. आदल्या दिवशी त्याच खोलीत करून बघ आणि पंखा बंद ठेव.